तारामती ते जोधाबाई : आपल्या दुर्गाबाई

मंडळी, जनाबियातल्या आमच्या घरी एका सुट्टीच्या दिवशी मुलांना 'मुगल-ए-आझम' (१९६०) दाखवत होतो. यातली जोधाबाई म्हणजे आपल्या मराठी दुर्गा खोटे, असं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. धाकट्याने विचारलं, "त्या नेहमी आईचंच काम करायच्या का?" म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर यंदा स्मरणिकेतच द्यावं!

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषालाच लुगडं नेसवावं लागलं. पुढे एकोणीस वर्षांनी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने तीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. पार्श्वगायनाची सोय नव्हती, त्यामुळे गाणीही स्वतःच म्हणायची.

या बाई कोण? जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईच्या सधन लाड कुटुंबातला. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात. लग्नही खोट्यांच्या तालेवार घरात झालं. पण तिथली आर्थिक घडी विस्कटली. पदरी दोन मुलगे, पुढे वैधव्य. १९३१ मध्ये 'फरेबी जाल'मध्ये छोटंसं काम केलं, तर नावं ठेवायला सगळे पुढे! कुलीन घरच्या बाईने तोंडाला रंग लावणं म्हणजे घराण्याला बट्टा, असा तो काळ. मदतीला मात्र यातलं कितीजण आले असतील, कोण जाणे. तारामतीने हे चित्र पालटलं. चांगल्या घरच्या मुलींना सिनेमाचं दार उघडलं ते तेव्हापासून.

आणि नुसती सोशिक तारामतीच नव्हे हं! 'अमर ज्योती'त (१९३६) त्या मुलाचा ताबा नाकारला गेल्यामुळे बंड करणाऱ्या, जहाजावर हुकमत गाजवणाऱ्या सौदामिनी झाल्या. मला विचाराल तर त्यांची ही भूमिका सर्वांत आधी बघा. एकाच कंपनीच्या पगारावर बांधून न घेता त्यांनी कलकत्त्यातही कामं केली. १९३७ मध्ये 'साथी' हा चित्रपट स्वतः काढला आणि दिग्दर्शितही केला. आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'तली (१९४१) खाष्ट सासू, रंगभूमीवर शिरवाडकरांचं 'राजमुकुट', अशी किती नावं घ्यावीत! मुलगा हरिन अकाली गेला. त्याच्या पत्नी म्हणजे आपल्या विजयाबाई मेहता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

१९६८ मध्ये पद्मश्री, १९८३ चा फाळके पुरस्कार. इंग्रजी शाळेत शिकूनही आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत, 'मी, दुर्गा खोटे'. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या. आणि दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' (१९८८) आठवते ना? तीही दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच!