झोताभोवतीची पेटी : ब्लास्टिंग कॅबिनेटची कुळकथा

गंजलेले लोखंड, जुना रंग किंवा गुळगुळीत काच यांच्यावर कठीण कणांचा वेगवान झोत सोडून पृष्ठभाग साफ अथवा खरखरीत करण्याच्या क्रियेला कारखान्यांत सँडब्लास्टिंग म्हणतात, आणि काचेची खिडकी, आत हात घालण्यासाठी रबरी हातमोजे व तळाशी निमुळता हॉपर असलेल्या ज्या बंद पेटीत ती चालते, तिला ब्लास्टिंग कॅबिनेट. घरच्या वर्कशॉपमध्ये प्लायवूडची किंवा पत्र्याची अशी पेटी स्वतः बांधणाऱ्याला झोत सोडणारी गन हे मुख्य यंत्र वाटते आणि पेटी म्हणजे केवळ कण इकडेतिकडे उडू नयेत म्हणून केलेला आडोसा वाटतो. या तंत्राचा इतिहास मात्र नेमका उलटा निर्वाळा देतो. झोत लवकर साधला, पेटीचे महत्त्व कळायला फार उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत अनेक कामगारांच्या फुप्फुसांनी चुकती केली.

वाऱ्याने उडणारी वाळू दगड कापते, हे निरीक्षण यंत्राच्या आधीचे आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गासाठी 1853 मध्ये झालेल्या पाहणीत भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लेक यांना कॅलिफोर्नियातील सॅन गॉर्गोनिओ खिंडीत वाळूने खोबणी पाडलेले आणि जिल्हई केल्यासारखे चकाकणारे खडक आढळले, आणि 1855 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. या नैसर्गिक क्रियेला यंत्रात बसवले ते फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले हे सेनाधिकारी मूळचे रसायनाच्या नादाचे होते, आणि लाकडापासून कागदाचा लगदा करण्याच्या सल्फाइट पद्धतीवरही त्यांचेच नाव आहे. वाळवंटातील वाऱ्याने धुरकट झालेल्या खिडकीच्या काचा पाहून त्यांना ही युक्ती सुचली, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, 18 ऑक्टोबर 1870 रोजी मिळालेले त्यांचे अमेरिकी पेटंट ही नोंदलेली गोष्ट आहे.

टिल्घमन यांच्या यंत्रात मधल्या नळीतून वाळू येई आणि तिच्याभोवतीच्या कड्यासारख्या फटीतून वाफ सुटे; वेगाने निघालेली वाफ पुढे कमी दाब निर्माण करी आणि वाळू आपोआप ओढली जाई. आज घरगुती कॅबिनेटमध्ये वापरल्या जाणाऱ्या सायफन गनमध्ये वाफेची जागा दाबलेल्या हवेने घेतली आहे आणि बहुधा हवा मधून व कण बाजूने येतात, पण ओढीचे तत्त्व तेच आहे. काचेसारख्या नाजूक कामाला वाफेचीही गरज नव्हती, पंख्याचा झोत पुरे होई. या तंत्राचे सर्वांत विस्मयकारक अंग असे की, जे कठीण व ठिसूळ ते झिजते आणि जे मऊ व लवचीक ते टिकते, कारण मऊ पदार्थ कणाचा आघात दबून पचवतो, तर काचेचा मात्र टवका उडतो. त्यामुळे काचेवर कापडी लेस अंथरून झोत सोडला की लेसची नक्षी काचेवर उमटते आणि लेस शाबूत राहते. हलक्या झोताखाली बोटांची कातडीही तग धरते, नखे मात्र झिजतात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1873 साली नायगारा धबधब्याने होणाऱ्या खडकांच्या झिजेवर बोलताना भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी या यंत्राचा दाखला दिला, आणि इजिप्तमधील स्फिंक्सची मानही वाळूनेच कोरली गेल्याचे त्यांनी त्याच ओघात सांगितले. त्याच दशकात यादवी युद्धातील मृत सैनिकांच्या संगमरवरी थडग्यांवर नावे कोरण्याच्या प्रचंड कामाला हा झोत लावला गेला, तर इंग्लंडमध्ये बोथट कानशींना पुन्हा धार आणण्यासाठी तो वापरात आला.

कंप्रेसर म्हणजे हवा दाबून साठवणारे यंत्र सुलभ झाले, तसा हा झोत काच आणि संगमरवरापुरता न राहता ओतकामाच्या कारखान्यांत शिरला, आणि अनर्थाला तिथून सुरुवात झाली. साच्यातून निघालेल्या ओतीव वस्तूला चिकटलेली भाजकी वाळू खरवडण्यासाठी पुन्हा वाळूचाच मारा होई. वाळूचा कण म्हणजे सिलिका. लोखंडावर आदळताच तो फुटतो आणि त्याचा काही भाग इतका बारीक होतो की तो डोळ्यांना दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसांच्या शेवटच्या पोकळ्यांपर्यंत पोहोचतो. तिथे शरीर त्याला पचवू शकत नाही. त्याच्याभोवती जखमेच्या व्रणासारख्या गाठी धरतात, फुप्फुस ताठर होत जाते आणि क्षयरोगाला वाट मिळते. सिलिकोसिस नावाचा हा आजार काम सोडल्यानंतरही वाढत राहू शकतो, आणि झालेली हानी भरून काढणारे औषध आजही नाही. तोंडाला फडके बांधून किंवा डोक्यावर शिरस्त्राण चढवून काम निभावेल, असा समज दीर्घकाळ टिकला. ब्रिटनमध्ये कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक ई. आर. ए. मेरेवेदर यांनी 1936 साली वाळूचा झोत चालवणाऱ्या कामगारांमधील सिलिकोसिसचा धोका मांडला. तरीही ओतीव वस्तूंच्या सफाईत वाळू वापरण्यावर बंदी घालणारे तिथले विशेष नियम यायला 1949 साल उजाडले.

भारतातील 1948 च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार ठरवला, आणि महाराष्ट्र कारखाने नियम, 1963 मध्ये ब्लास्टिंगची गणना धोकादायक कामांत करण्यात आली. मोठ्या ओतकाम कारखान्यांत, कोल्हापूर परिसरातील फाउंड्र्यांतही, आता फिरत्या चाकाने पोलादी गोळ्या फेकणारी बंदिस्त शॉट ब्लास्टिंग यंत्रे दिसतात. धडा मात्र सर्वत्र शिकला गेला नाही. जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी तुर्कस्तानातील लहान कारखान्यांत वाळूचा मारा होत राहिला आणि तरुण कामगार सिलिकोसिसने मेले, तेव्हा 2009 मध्ये तिथे त्यावर बंदी आली.

घरी बांधलेल्या कॅबिनेटचा प्रत्येक भाग या इतिहासाच्या उजेडात पाहिला पाहिजे. तळाच्या हॉपरच्या भिंती आडव्या रेषेशी 60 अंशांच्या आसपास उभ्या असाव्यात, नाही तर कण कोपऱ्यांत साठतात आणि गनची नळी कोरडी पडते. दाराच्या कडेला फोमची पट्टी आणि पत्र्याच्या सांध्यांत सिलिकॉन सीलंट भरावे लागते; ज्या फटीतून उजेड दिसतो, तिच्यातून धूळ नक्की जाते. तेवढ्यानेही भागत नाही. गन दर मिनिटाला पेटीत हवा कोंबत असते आणि त्या हवेला वाट न दिल्यास ती हातमोज्यांच्या कडांमधून धूळ घेऊनच बाहेर पडते, म्हणून गन सोडते त्याहून जास्त हवा बाहेर खेचणारा शोषक पंखा, त्याच्या आधी जड कण खाली पाडणारे सायक्लोन आणि शेवटी बारीक गाळणी अशी साखळी लागते. पेटीतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहिला, की हवा फटीतून आत येते, बाहेर जात नाही. कॅबिनेटचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. खिडकीची काच आतून हळूहळू दुधी होतेच, तेव्हा तिच्यावर बदलता येणारी पारदर्शक फिल्म लावणे शहाणपणाचे ठरते. कंप्रेसरबाबत बहुतेकांचा अंदाज चुकतो. 6 किलो दाबाला 3 मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे 20 घनफूट हवा जाते, आणि 2 अश्वशक्तीचा लहान कंप्रेसर त्याच्या निम्मीही देत नाही. त्यामुळे बारीक छिद्राचा हवेचा जेट निवडून थांबत थांबत काम करणे, हाच घरगुती मार्ग आहे.

वाळूला पर्याय पुष्कळ आहेत. एडवर्ड अ‍ॅचेसन यांना 1891 मध्ये सापडलेले सिलिकॉन कार्बाइड, भट्टीत वितळवून केलेले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूतून वेगळा काढला जाणारा गार्नेट आणि अ‍ॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूंसाठी काचेचे बारीक मणी, हे सारे बाजारात मिळतात, बंद पेटीत पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि म्हणून किंमत जास्त असूनही परवडतात. तथापि, खरवडून निघणाऱ्या जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा सिलिका टाळली म्हणून धूळ निरुपद्रवी होत नाही आणि पेटी उघडताना श्वसनरक्षक मुखवटा सुटत नाही. कारखान्याचा निरीक्षक घरच्या वर्कशॉपमध्ये येणार नाही. तेव्हा नदीची वाळू या पेटीत कधीही भरू नये, आणि शोषक पंखा व गाळणी बसेपर्यंत गनला हवेची नळी जोडूच नये.