दूरध्वनींतील आघात आणि कानाचें रक्षण

निसर्गानें डोळ्याला पापणी दिली. कानाला मात्र तसें झांकण दिलें नाहीं. मध्यकर्णांत एक इवलासा स्नायु आहे. मोठा आवाज झाला कीं तो आकसतो व आंत जाणारा ध्वनि कांहींसा मंद करतो. परंतु त्याला जागें होण्यास सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लागतो, आणि एकाएकीं आलेला कर्कश आवाज तेवढ्या अवधींत आपलें काम करून जातो. दूरध्वनीचें कर्णयंत्र तर कानालाच भिडलेलें असतें. दूर सरण्यासहि अवसर नाहीं. म्हणून दूरध्वनीच्या इतिहासांत शब्द लांब पोंचविण्याच्या खटपटीइतकीच नको तो आवाज अडविण्याची खटपटहि महत्त्वाची आहे. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

ग्रॅहॅम बेल यांस दूरध्वनीचें पेटंट १८७६ सालीं मिळालें, आणि १८८२ सालीं मुंबईंत दूरध्वनि-केंद्र सुरू झालें. आरंभींच्या पुष्कळ जोडण्यांस एकच तार असे. परतीचा मार्ग जमिनींतून. त्यामुळें शेजारच्या तारायंत्राची टकटक, इतर विद्युत्प्रवाहांची गुणगुण आणि पावसाळ्यांत आकाशांतील विजेचा तडाखा, हें सारें कानांत येई. पुढें परतीसाठीं दुसरी तार आली. दोहोंत सारखाच शिरलेला उपद्रव परस्परांस मारूं लागला. घराच्या तोंडाशीं वीजरोधक बसले. ते विजेचा मोठा दाब जमिनींत सोडून देत. तरी उरलेला ठोका कर्णयंत्रापर्यंत पोंचेच.

आमच्या वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्राम आश्रमांत, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांस गांधीजींशीं बोलतां यावें म्हणून बसविलेला दूरध्वनि जतन करून ठेवलेला आहे. ज्या प्रकारच्या तारेनें व्हाइसरॉयचें बोलणें येई, त्याच प्रकारच्या तारेनें ज्येष्ठांतील विजेचा तडाखाहि येऊं शके. तारेला थोर-लहान कळत नाहीं. तथापि घरीं दूरध्वनि असणाऱ्या गृहस्थावर हा प्रसंग क्वचित् येई. केंद्रांत बसून, डोक्यावर कर्णयंत्र बांधून, दिवसभर जोडण्या करून देणाऱ्या नोकरांना मात्र तो नित्याचा धोका होता.

या आघातावर एक सुबक उपाय तांब्याच्या ऑक्साइडनें पुरविला. तांब्यावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर असला, तर वीज एका दिशेनें सहज जाते व उलट दिशेनें अडते. मात्र दाब अगदीं क्षीण असेल, तर सोप्या दिशेनेंहि तिला जवळजवळ वाट मिळत नाहीं. अशा दोन चकत्या परस्परविरुद्ध दिशांनीं कर्णयंत्राच्या दोन टोकांमध्यें जोडल्या. बोलण्याचा प्रवाह क्षीण, म्हणून तो कर्णयंत्रांतच जाई. ठोक्याचा प्रवाह प्रबळ, म्हणून तो चकत्यांतून परस्पर निघून जाई. आमच्या हिंगणीजवळ बोर धरण आहे. धरणाचा सांडवा शेताचें पाणी चोरीत नाहीं. पातळीवर चढलेलें तेवढेंच बाहेर टाकतो. या चकत्यांचें काम तेंच. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत आलेल्या बेल कंपनीच्या ५०० क्रमांकाच्या यंत्रांत असा घटक मुळांतच बसविलेला होता.

एवढ्यानें प्रश्न मिटला असें वाटलें. पण शतकाच्या अखेरीस तो नव्या रूपानें पुढें आला. कॉल सेंटरांत हजारों तरुण-तरुणी कानावर यंत्र लावून बसूं लागले. आतां विजेऐवजीं फॅक्स यंत्राची शीळ, ध्वनिवर्धकाचें किंचाळणें, किंवा एखाद्या रागावलेल्या ग्राहकाची शिट्टी कानांत शिरे. ब्रिटनमध्यें कर्णयंत्राच्या आवाजाला ११८ डेसिबलची मर्यादा होती. तरी कान दुखणें, कानांत सतत गुणगुण राहणें, साधा आवाजहि असह्य होणें, चक्कर येणें अशा तक्रारी येतच राहिल्या. त्यावरून एक धडा मिळाला. हानि केवळ मोठेपणानें होत नाहीं, अकस्मातपणानेंहि होते.

मग कर्कश स्वरच गाळून टाकावे, असें कोणी म्हणेल. पण दूरध्वनि सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनांचे स्वर वाहून नेतो. फॅक्सची उत्तर देणारी शीळ २१०० कंपनांची, म्हणजे बोलण्याच्याच पट्ट्यांतली. आणि त्याच भागांत कान अधिक हळवा असतो. सरसकट गाळलें तर शब्दच बोथट होतात. म्हणून अलीकडची यंत्रें पारख करतात. बोलण्याची शक्ति अनेक स्वरांत पसरलेली व क्षणोक्षणीं पालटणारी असते. शिळेची एकाच स्वरावर एकवटलेली. आवाजाचे सेकंदास आठ हजार नमुने घेऊन गणकयंत्र हा भेद ओळखतें आणि तेवढीच अरुंद पट्टी दाबून टाकतें. त्यासाठीं तें ध्वनि कानाकडे सोडण्यापूर्वीं क्षणाचा अत्यल्प अंश थांबवून धरतें. कानाच्या स्नायूला जें साधत नाहीं, तें असें यंत्र साधतें.

श्रोतेहो, पुण्यामुंबईच्या अनेक घरांतील मुलें-मुली आज याच उद्योगांत रात्रपाळी करतात. अशा दुखण्यांत पुष्कळदां श्रवणाच्या नेहमींच्या तपासणींत कांहींच दोष आढळत नाहीं, आणि मग वरिष्ठ म्हणतात, ‘हा कामचुकारपणा आहे.’ तपासणींत न दिसणारें दुखणें खोटें नसतें. घरच्यांनीं तरी तें आधीं खरें मानावें. कर्णयंत्रांत असा रक्षक घटक आहे काय, हें मुलांनीं मालकास विचारावें. आणि ज्या खोलींत गलक्यामुळें आवाज वाढवून ठेवावा लागतो, ती शांत करण्याचा आग्रह धरावा, कारण वाढविलेल्या आवाजावर आलेला आघात अधिक कठोर असतो. उपाय पाऊणशें वर्षांहून जुना आहे. तो प्रत्येक कानापर्यंत पोंचविणें, एवढेंच उरलें आहे.