भूमध्य समुद्र न्यासनिधी

भूमध्य समुद्राच्या काठावरील राष्ट्रांनी त्या समुद्राचे आणि त्याच्या किनाऱ्याचे, तेथील वनस्पती, प्राणी व त्यांच्या अधिवासांसह, एकत्र येऊन रक्षण करावे यासाठी १९७९ मध्ये उभारलेला सामाईक निधी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या देखरेखीखाली तो चालतो. बार्सिलोना करारनाम्यात सामील असलेली २१ राष्ट्रे आणि युरोपीय संघ त्यात ठरलेल्या प्रमाणात दरसाल वर्गणी भरतात, आणि त्या वर्गणीतून अथेन्स येथील समन्वय कार्यालयाचा, तसेच जैवविविधतेचे काम पाहणाऱ्या ट्यूनिसच्या केंद्रासह निरनिराळ्या देशांतील प्रादेशिक केंद्रांच्या कामाचा खर्च भागतो. रकमेने हा निधी लहानच आहे. तथापि प्रादेशिक सहकार्य टिकवायचे तर त्याला सर्वांनी मिळून भरलेल्या, आकारणी करून ठरविलेल्या आणि वर्षानुवर्षे अखंड येत राहणाऱ्या पैशाचा आधार लागतो, ही गोष्ट जगातील ज्या थोड्या व्यवस्थांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते, त्यांत याचे स्थान अग्रगण्य मानावे लागेल.

असा निधी या समुद्रासाठीच आधी का उभा राहिला हे समजण्यास त्या समुद्राची ठेवण पाहिली पाहिजे. सुमारे २५ लाख चौ.किमी. क्षेत्राचा हा जलाशय तीन खंडांनी वेढलेला असून महासागराशी त्याचा नैसर्गिक संबंध केवळ जिब्राल्टरच्या, अगदी अरुंद ठिकाणी सुमारे १४ किमी. रुंद असलेल्या, सामुद्रधुनीतून येतो. त्यामुळे त्याचे पाणी पुरते पालटण्यास शतकाच्या आसपास काळ जातो, आणि एका तीरावरून सोडलेली घाण दुसऱ्या तीरावरच्या पिढ्यांच्या वाट्याला येते. पृथ्वीवरील सागरपृष्ठाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापणाऱ्या या पाण्यात सुमारे १७,००० जीवजातींची नोंद झाली आहे, आणि त्यांतील कित्येक अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. प्राण्यांना राष्ट्रांच्या सरहद्दी ठाऊक नसतात. ग्रीसच्या झाकिन्थोस बेटावरील लागानास उपसागराच्या वाळूत अंडी घालणारी लॉगरहेड कासवे पुढे ट्यूनिशियाच्या दक्षिणेकडील गाबेसच्या आखातात चरावयास जातात. तेव्हा ग्रीसने वाळू राखली आणि गाबेसमध्ये कासवे जाळ्यात सापडून मेली, तर ग्रीसचा खर्च वाया गेला असेच म्हणावे लागते.

या समुद्राच्या तळाशी उथळ पाण्यात पसरलेली पोसिडोनियाची कुरणे तर जवळून पाहण्याजोगी आहेत. पोसिडोनिया हे शैवाल नव्हे, तर जमिनीवरच्या वनस्पतींप्रमाणे मूळ, खोड, पान व फूल असलेली सपुष्प वनस्पती आहे. तिची फितीसारखी हिरवी पाने लाटेबरोबर डोलतात, तिच्या आडोशाला माशांची पिले वाढतात, आणि वाळलेल्या पानांचे जाड थर हिवाळ्यात किनाऱ्यावर साचून वाळूची धूप थोपवितात. तिचे आडवे खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकते. सहलीच्या नौकेने टाकलेला नांगर ओढला जाताना क्षणार्धात जो पट्टा उखडतो, तो भरून येण्यास अनेक दशके लागतात, म्हणून फ्रान्सने २०१९ पासून २४ मीटर वा त्याहून लांब नौकांना या कुरणांवर नांगर टाकण्याची मनाई करण्याचे धोरण धरले. मनाईचा हुकूम काढण्यास फारसा पैसा लागत नाही. पण तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास गस्तीची नौका, तिला इंधन आणि तीवर बारमाही पगार मिळणारा रखवालदार लागतो, आणि या तीन गोष्टींसाठी दरसाल पैसा कोठून आणावा, हाच प्रस्तुत नोंदीच्या विषयाचा गाभा आहे.

स्टॉकहोम येथील १९७२ च्या परिषदेनंतर स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९७४ मध्ये प्रादेशिक समुद्रांचा उपक्रम हाती घेतला आणि त्यात पहिला क्रम भूमध्य समुद्राला दिला. १९७५ च्या आरंभी बार्सिलोना येथे १६ राष्ट्रांनी एक कृतियोजना मान्य केली. १६ फेब्रुवारी १९७६ रोजी त्याच नगरात करारनाम्यावर सह्या झाल्या, आणि १२ फेब्रुवारी १९७८ पासून तो अमलात आला. त्या काळाचे राजकारण ध्यानात घेता हे सहजसाध्य नव्हते. १९७३ च्या युद्धाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच अरब राष्ट्रे व इझ्राएल एका मेजाशी बसली. सायप्रसवरील १९७४ च्या आक्रमणाच्या जखमा ताज्या असतानाच ग्रीस व तुर्कस्तान यांच्या प्रतिनिधींनी एकाच मसुद्यावर चर्चा केली. अल्जीरियासारखी राष्ट्रे प्रथम दूर राहिली, कारण प्रदूषणाच्या नावाखाली नवस्वतंत्र देशांच्या औद्योगिक उभारणीस लगाम घातला जाईल अशी शंका तेव्हा दक्षिण तीरावर प्रबळ होती. पुढे अल्जीरियाही करारनाम्यात आला.

आरंभीचा खर्च बव्हंशी पर्यावरण कार्यक्रमानेच सोसला. परंतु त्याने प्रथमपासून हेही बजावून ठेवले होते की, तीरावरच्या राष्ट्रांनी हळूहळू हा भार आपल्या शिरावर घेतला पाहिजे. आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या बैठकीत, बरीच घासाघीस होऊन, न्यासनिधीची स्थापना झाली. माझ्या मते या सबंध इतिहासातील निर्णायक क्षण सह्यांचा नसून हा आहे. करारनाम्यावर सही करणे परराष्ट्रमंत्र्याच्या हातचे असते. वर्गणी मात्र अर्थमंत्र्याच्या तिजोरीतून, दरसालच्या अंदाजपत्रकात तरतूद होऊन यावी लागते, आणि ज्या राष्ट्राने ती तरतूद एकदा केली त्याला पुढच्या साली ती का तोडली याचे उत्तर देणे भाग पडते. समन्वय कार्यालय १९८२ मध्ये जिनिव्हाहून अथेन्सला हलले, व यजमान या नात्याने ग्रीस आपल्या वर्गणीवेगळे वर्षाला ४ लाख डॉलर देऊ लागला.

वर्गणीची आकारणी संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण आकारणीच्या धर्तीवर, म्हणजे राष्ट्राच्या ऐपतीनुसार, होते. त्यामुळे फ्रान्स, इटली व स्पेन या तिघांकडून बहुतांश रक्कम येते आणि मोनॅको, माल्टा, अल्बेनिया यांसारख्यांचा हिस्सा अत्यल्प असतो. तरीही अत्यल्प हिस्सा भरणाऱ्यांचा मताधिकार मोठ्यांइतकाच राखलेला आहे. दर दोन वर्षांनी करारनाम्यातील पक्षांची सभा भरते, पुढील दोन वर्षांच्या कामांची यादी व जमाखर्च मंजूर करते, आणि तेथे एकमताचा शिरस्ता पाळला जातो. २१ व्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आकारणीची एकूण रक्कम वर्षाला सुमारे ५५ लाख युरोच्या घरात राहिली आणि सुमारे दशकभर तीत वाढ झाली नाही. महागाई मात्र थांबली नव्हती, म्हणून कागदावर तेवढाच दिसणारा निधी प्रत्यक्षात आक्रसत गेला. उशिरा येणारी वर्गणी व साचलेली थकबाकी हे त्याचे जुने दुखणे आहे. २०१० च्या सुमारास निधीत मोठी तूट असल्याचे आढळून आले तेव्हा कित्येक कामे मागे ठेवावी लागली, आणि ती तूट भरून काढण्यात पुढची काही वर्षे गेली.

जैवविविधतेचा विषय प्रथम प्रदूषणाच्या मागे दडलेला होता. संरक्षित क्षेत्रांविषयीचा पहिला उपकरार १९८२ मध्ये जिनिव्हा येथे झाला आणि १९८५ मध्ये ट्यूनिस येथे त्यासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. उत्तरेकडील श्रीमंत राजधानी सोडून ते दक्षिण तीरावर नेण्यात दूरदृष्टी होती, कारण ज्यांच्याकडे अनुभवी माणसे व साधने कमी होती त्यांच्यात ती घडविण्याचे काम त्यांच्याच भूमीवर होऊ शकत होते. १९९५ मध्ये बार्सिलोना येथे पूर्वीच्या जागी व्यापक उपकरार आला व तो १९९९ मध्ये अमलात आला. त्याच्या परिशिष्टांत माँक सील, पोसिडोनिया, पिन्ना हा मोठा शिंपला अशा संकटग्रस्त जातींची नावे आहेत, आणि त्याच्या आधारे २००१ पासून भूमध्य समुद्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या संरक्षित क्षेत्रांची यादी ठेवली जाते. त्या यादीत फ्रान्सचे १९६३ पासूनचे पोर-क्रो राष्ट्रीय उद्यान आहे, तसेच फ्रान्स, इटली व मोनॅको यांनी १९९९ च्या तहाने देवमाशांसाठी राखलेले सुमारे ८७,५०० चौ.किमी. चे पेलागोस अभयारण्यही आहे.

यादीत नाव येणे निराळे आणि क्षेत्र राखणे निराळे. २०२० च्या पाहणीनुसार भूमध्य समुद्राचा ८ टक्क्यांहून थोडा अधिक भाग कोणत्या ना कोणत्या कायद्याने संरक्षित होता, परंतु त्यातील जवळजवळ सर्व क्षेत्र युरोपीय संघाच्या पाण्यात पडत होते, आणि जेथे प्रवेश किंवा मासेमारी पूर्णपणे बंद आहे असा भाग समुद्राच्या अवघा ०.०४ टक्के भरत होता. ही विषमता निसर्गाने निर्माण केलेली नाही. ट्यूनिशियाच्या मोनास्तीरसमोरील कुरिआत बेटांवर कासवे दर उन्हाळ्यात अंडी घालतात, मोरोक्कोच्या अल होसेइमाच्या कड्यांवर मोरघारी घरटी करतात. वाण आहे ती पैशाची, आणि विशेषतः विशिष्ट प्रकारच्या पैशाची.

हा प्रकारभेद नीट समजून घेण्यासारखा आहे. न्यासनिधीची रक्कम बैठका, अहवाल, तज्ज्ञ आणि केंद्रांचा कारभार यांतच संपत असल्याने क्षेत्रावरील कामासाठी प्रकल्पांचे अनुदान आणावे लागते. जागतिक पर्यावरण सुविधा या आंतरराष्ट्रीय वित्तव्यवस्थेच्या व इतर देणगीदारांच्या पैशावर २००९ ते २०१५ या मुदतीत चाललेला मोठा भूमध्य भागीदारी प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या सावलीत दक्षिण व पूर्व तीरांवर नव्या संरक्षित क्षेत्रांच्या पाहण्या झाल्या, नकाशे निघाले, व्यवस्थापनाचे आराखडे तयार झाले. परंतु जागतिक पर्यावरण सुविधेचे तत्त्वच असे की, राष्ट्राने स्वतःसाठी जे केले असते त्यावरचा, सगळ्या जगाच्या हितासाठी पडणारा वाढीव खर्च तेवढा तिने द्यावा. परिणामी आराखडा करण्यास पैसा मिळतो आणि तो राबविण्यास मिळत नाही. मुदत सरते, गणना करणारे तरुण जीवशास्त्रज्ञ दुसरी नोकरी धरतात, आणि आठ-दहा वर्षांच्या सलग नोंदींत खंड पडतो. २०१६ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर पिन्ना शिंपले एका परजीवीमुळे धडाधड मरू लागले आणि थोड्याच वर्षांत ती साथ पूर्वेपर्यंत पोहोचली, तेव्हा कोठे किती मेले हे सांगण्यास आधी किती होते याची मोजदाद असणे आवश्यक होते, आणि मोजदाद हे दरसालच्या खर्चाचे काम आहे. खाजगी दात्यांवरही कायमची भिस्त ठेवता येत नाही: या किनाऱ्यावरील निसर्गरक्षणास मोठा हात देणारे स्वित्झर्लंडमधील मावा प्रतिष्ठान आपल्या पूर्वनिश्चित संकल्पानुसार २०२२ मध्ये बंद झाले.

हीच उणीव हेरून फ्रान्स, मोनॅको व ट्यूनिशिया यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये मोनॅको येथे मेडफंड या नावाचा दुसरा न्यास स्थापन झाला. त्याची रचना न्यासनिधीहून मुळातच वेगळी आहे. राष्ट्रांकडून, जागतिक पर्यावरण सुविधेकडून व प्रतिष्ठानांकडून आलेल्या देणग्यांपैकी मोठा भाग मूळ ठेव म्हणून गुंतवावा, आणि तीवरील उत्पन्नातून संरक्षित क्षेत्रांचा चालू खर्च, म्हणजे पगार, इंधन, दुरुस्ती व मोजणी, दीर्घ मुदतीने द्यावा, अशी ती योजना आहे. अल्बेनिया, मोरोक्को, ट्यूनिशिया यांसारख्या देशांतील क्षेत्रांना तिचा लाभ मिळतो. सरकारी खात्याबरोबर स्थानिक संस्थेलाही व्यवस्थापनात भागीदार करून घेण्यावर तिचा भर असतो, आणि तो मला अत्यंत उचित वाटतो, कारण जे कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगले त्यांना वगळून राखलेले क्षेत्र रखवालदार पाठमोरा होताच लुटले जाते. तथापि ठेवीवरील उत्पन्न बाजारभावाबरोबर खालीवर होते, आणि व्याजातून समाधानकारक रक्कम निघावी इतकी मोठी ठेव जमविणे हे अनेक वर्षांचे काम आहे. त्यामुळे हा न्यास जुन्या न्यासनिधीची जागा घेऊ शकत नाही. सर्व राष्ट्रांना एका सभेत बांधून ठेवणारी आकारलेली वर्गणी आणि एकेका बेटावरच्या नौकेला पोसणारी ठेव, या दोहोंची गरज आहे. यांपैकी पहिलीत वाढ करण्यास श्रीमंत राष्ट्रांनी इतकी वर्षे केलेली कुचराई समर्थनीय नाही.

भारताच्या किनाऱ्यापुरते पाहता, पर्यावरण कार्यक्रमाच्या प्रादेशिक समुद्रांच्या त्याच उपक्रमातून मार्च १९९५ मध्ये नवी दिल्ली येथे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व मालदीव यांनी दक्षिण आशियाई समुद्रांची कृतियोजना स्वीकारली. तिचे कार्यालय कोलंबोत आहे. मात्र बार्सिलोनासारखा बंधनकारक करारनामा तिच्या पाठीशी नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जागतिक पर्यावरण सुविधेचा पैसा आला तो या प्रादेशिक वाटेने नव्हे, तर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत सिंधुदुर्ग जिल्ह्यात राबविलेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पातून, जेथे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित झालेले होते. त्या प्रकल्पाच्या साहाय्याने वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या एका बचतगटाने कांदळवनाची होडीतून सफर सुरू केली. पर्यटकांकडून मिळणारे सफरीचे पैसे थेट त्या गटाच्या हाती येतात.