अभ्यासक्रम एकच, पण वर्ग?

आमच्या कामात एक गोष्ट नेहमी घडते. ॲप आपल्या लॅपटॉपवर मस्त चालतं, आणि कुणाच्या तरी जुन्या फोनवर उघडतच नाही. आजची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांची आहे, पण वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

1953 साली तिथे बांटू एज्युकेशन ॲक्ट आला. काळ्या मुलांना मजुरीपुरतंच शिकवायचं, हा हेतू मंत्री फेरवुर्ड उघडपणे सांगायचा. 1976 मध्ये आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध सोवेटोची शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. 1994 ला मंडेला आले, तोवर वंशाप्रमाणे वेगवेगळी अशी डझनभराहून जास्त शिक्षण खाती होती. ती एक केली.

मग 1997 मध्ये जाहीर झाला 'करिक्युलम 2005'. घोकंपट्टी बंद. मुलाला शेवटी काय यायला हवं एवढंच सरकार सांगणार. ते कसं शिकवायचं, कशातून शिकवायचं, हे शिक्षकाने बघायचं. आता, ज्यांना सरकारी पुस्तकातून कमीपणाच शिकवला गेला, त्यांना पुस्तकाचाच राग येणार ना? मला तरी तो पटतो.

पण पूर्वीच्या गोऱ्यांच्या शाळेत लायब्ररी होती, झेरॉक्स मशीन होतं. तिथे हे जमलं. गावातल्या खचाखच भरलेल्या वर्गात उभा असलेला शिक्षक स्वतः बांटू शिक्षणातच घडलेला. त्याच्या हातात काही दिवसांचं ट्रेनिंग आणि तब्बल 66 'स्पेसिफिक आउटकम्स'! शिवाय 'फेज ऑर्गनायझर', 'रेंज स्टेटमेंट' असले शब्द. (आमची डॉक्युमेंटेशन्स बरी म्हणायची.)

जोनाथन जॅन्सन या अभ्यासकाने सुरुवातीलाच सांगितलं होतं की हे फसणार. 2000 मध्ये शिक्षणमंत्री कादर अस्माल यांनी नेमलेल्या लिंडा चिझम समितीनेही तेच म्हटलं: भाषा किचकट, पुस्तकं अपुरी, ट्रेनिंग तोकडं. 2002 मध्ये दुरुस्ती झाली, पण गाभा तोच राहिला. काय, कधी शिकवायचं हे नीट लिहून देणारा 'कॅप्स' अभ्यासक्रम 2012 पासून लागू व्हायला लागला. तरी 2016 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथल्या चौथीच्या 78 टक्के मुलांना वाचलेलं समजत नव्हतं. नुसता अभ्यासक्रम बदलून ती दरी कशी भरणार?

नवा अभ्यासक्रम पहिलीच्या वर्गात पोचला 1998 मध्ये. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं 2009 ला बारावी झाली. म्हणजे 'कॅप्स' यायच्या तीन वर्षं आधीच ती शाळेबाहेर पडली होती.