परीक्षेपुरती स्वच्छ मोटार

शाळेची वार्षिक तपासणी जवळ आली की काय काय घडते, हे तुम्हा शिक्षकांना आम्ही वेगळे सांगायला नको. भिंतींवर तक्ते लागतात, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची धूळ पुसली जाते, वह्या तपासून होतात. साहेब गेले की तक्ते पुन्हा गुंडाळून कपाटावर. हे झाले माणसांचे. पण तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते शहाण्यासारखे वागणारे यंत्रच कोणी बनवले तर? अशा सुमारे १ कोटी १० लाख मोटारी जगभर विकल्या गेल्या होत्या. त्या साऱ्या डिझेलच्या होत्या आणि हा योगायोग नव्हता. तो का नव्हता, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन याच साध्या गोष्टीवर उभे केले. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबून ते ठिणगीने पेटवतात. मिश्रण फार दाबले तर ते वेळेआधीच पेट घेते, म्हणून दाबण्याला मर्यादा पडते. डिझेलने नुसती हवा दाबायचे ठरवले. मूळ आकारमानाच्या १५ व्या ते २० व्या भागात कोंबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. तीत तेलाचा फवारा सोडला की ठिणगीवाचून तेल पेटते. दाब जितका अधिक, तितकी उष्णतेतून कामाची वसुली अधिक, असे उष्मागतिकीचे गणित सांगते. १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी या इंजिनाची चाचणी घेतली तेव्हा कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळच्या सर्वसाधारण वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा फारच मोठा होता.

हे इंजिन मोटारीत यायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षे लागली. प्रचंड दाब सोसायचा म्हणून ते जाडजूड आणि जड. शिवाय नेमक्या क्षणी नेमके तेल फवारणारा छोटा पंप हवा. असा पंप रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये बनवायला सुरुवात केली. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची '२६० डी' ही डिझेल मोटार लोकांपुढे आली. तिला १०० किलोमीटरला सुमारे ९.५ लिटर तेल लागे, तर त्याच तोडीच्या पेट्रोल गाडीला १३ लिटर. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली यात नवल नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर युरोपातल्या घरगुती ग्राहकालाही डिझेलची गोडी लागली. फोक्सवॅगनची छोटी 'गोल्फ' १९७६ मध्ये डिझेलवर धावू लागली.

आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न असतो, 'ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न परदेशातही तितकाच जिव्हाळ्याचा. अमेरिकेत डिझेल मोटारी मुळातच थोड्या, त्यामुळे त्या बाळगणाऱ्यांचे हौशी गट घट्ट जमलेले. फोक्सवॅगनच्या 'टीडीआय' गाड्यांचे मालक टाकी भरल्यावर लिटर आणि अंतर टिपून ठेवत, एकमेकांचे आकडे ताडून पाहत आणि सरकारी लेबलावर लिहिल्यापेक्षाही आपली गाडी जास्त पळते, असे अभिमानाने सांगत. '२००९ ची हरित मोटार' हा तिथल्या एका नियतकालिकाचा सन्मानही 'जेटा टीडीआय'ला मिळाला होता. मालकांचे आकडे खोटे नव्हते. पण लिटर आणि किलोमीटर या दोनच गोष्टी त्यांना स्वतः मोजता येत होत्या. तिसरी एक गोष्ट होती. ती रंगहीन होती आणि दुसऱ्याच्या छातीत जात होती.

ती म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. एरवी तो ऑक्सिजनशी संयोग पावत नाही, पण ज्वालेच्या प्रखर तापमानाला पावतो. म्हणजे ज्या उष्णतेतून डिझेलची काटकसर येते, तिच्यातूनच हा वायूही येतो. सूर्यप्रकाशात त्याच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. पेट्रोल गाडीत उत्प्रेरक बसवून या ऑक्साइडांतला ऑक्सिजन काढून घेता येतो. डिझेलच्या धुरात मात्र मुळातच भरपूर ऑक्सिजन उरलेला असतो, त्यामुळे तो उत्प्रेरक इथे चालत नाही. ज्वाला थंड ठेवावी तर काजळी वाढते. वायू अडवणारा सापळा बसवावा तर तो साफ करायला जादा इंधन जाळावे लागते. युरियाचे द्रावण फवारावे तर त्याची टाकी बसवा आणि ती भरत राहा. उपाय होते, पण फुकटचा एकही नव्हता.

आता परीक्षेकडे येऊ. चाचणीसाठी गाडी प्रयोगशाळेत रुळांवर उभी करतात. चाके जागच्या जागी फिरतात. किती सेकंदांनी वेग किती असावा, याचे वेळापत्रक आधीच छापलेले असते. प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे तीच! चाके फिरत आहेत पण स्टिअरिंग जागचे हलत नाही, असे रस्त्यावर कधी घडेल का? इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या संगणकाने स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालले आणि हवेचा दाब यांवरून चाचणी ओळखायची आणि तेवढ्यापुरती शुद्धीकरणाची यंत्रणा पूर्ण लावायची, अशी सोय फोक्सवॅगनने करून ठेवली होती.

हे उघडकीला आले ते मात्र चोर पकडायला निघालेल्यांकडून नव्हे. युरोपातल्या डिझेल गाड्या रस्त्यावर जास्त धूर सोडतात हे दिसू लागले होते. अमेरिकेतले नियम कडक आहेत, तेव्हा तिथल्या गाड्या स्वच्छ निघतील आणि युरोपला उदाहरण दाखवता येईल, अशा अपेक्षेने एका संस्थेने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला काम दिले. डॅनियल कार्डर यांच्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय आणि मार्क बेश हे स्विस संशोधक होते. त्यांनी मापनयंत्र डिकीत ठेवले, नळी सायलेन्सरला जोडली आणि गाड्या कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर पिटाळल्या. एक तर लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेऊन परत आणली. आकडे आले ते मर्यादेच्या एका गाडीत १५ ते ३५ पट, दुसरीत ५ ते २० पट. त्याच गाड्या रुळांवर पास! तिसरी गाडी दुसऱ्या कंपनीची होती. ती रस्त्यावरही बव्हंशी मर्यादेत राहिली.

संशोधकांची पहिली शंका स्वतःच्याच मापनावर होती, हे आम्हाला विशेष वाटते. त्यांनी पुन्हा पडताळले आणि २०१४ च्या मे महिन्यात निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणावर आरोप केला नाही, फक्त आकडे मांडले. वर्षभर कंपनी निरनिराळी कारणे देत राहिली. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी पिच्छा सोडला नाही तेव्हा सप्टेंबर २०१५ मध्ये कबुली आली. 'हरित मोटार' हा सन्मान काढून घेतला गेला. २०१६ च्या तडजोडीनुसार गाड्या परत घेणे किंवा दुरुस्त करून देणे कंपनीला भाग पडले. पर्यावरणाच्या प्रेमापोटी गाडी घेतलेल्या हौशी मालकांना आपण इतकी वर्षे काय सोडत होतो, ते तेव्हा कळले.

आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे ठरले. एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली. एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जनही पाहिले जाऊ लागले. रस्त्यावर चढ, खड्डे, गर्दी, थंडी सारे असते. ही प्रश्नपत्रिका पाठ करता येत नाही.

इंजिनाचा धडा शिकवताना सायकलचा पंप वर्गात जरूर न्या. मुलांनी टोकाला हात लावून झाला की त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवा. घरची दुचाकी लिटरला किती पळते हे वडील सांगतात, पण ती हवेत काय सोडते हे कोण, कुठे आणि कसे मोजते? पीयूसी केंद्रावर एकदा मुलांना घेऊन जा. गाडी तिथे उभी असते की धावत असते, हे त्यांचे त्यांनाच दिसू द्या.