पाहणीचा माग: बांधावरून घरात, घरातून मनात

नीरेचा डावा कालवा १८८०च्या दशकात निघाला. त्यामागे १८७६-७७च्या दुष्काळाची धास्ती होती. पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सखल रानांना मीठ फुटायला लागलं. काळ्या जमिनीला पाणी पाजत राहिलं आणि निचरा झाला नाही, की जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढते. ओल उन्हानं उडून जाते, क्षार वर राहतात. अशा खारवट रानावर पांढरी खपली धरते आणि पेरलेलं बी उगवत नाही. पुण्याच्या शेती महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे हे मीठ तपासायला नीरा खोऱ्यात उतरले आणि १९१० साली त्यांची पुस्तिका सरकारी शेतखात्यानं छापली. याच कालव्यावरच्या, बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकच्या पट्ट्यात आज होणाऱ्या संशोधनाचा मूळपुरुष शोधायचा तर मला तो या पुस्तिकेत दिसतो. तेव्हा प्रश्न फक्त जमिनीला विचारला होता. शेतकऱ्याला काही विचारायचं म्हणजे पाणी किती पाळ्या दिलं, एवढंच.

मान तिथं थांबले नाहीत, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची त्यांनी घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती प्रसिद्ध केली. कोणाकडे किती जमीन, किती तुकड्यांत, सावकाराचं देणं किती, वर्षाचा खर्च भागतो का, हे सगळं त्यात होतं. १७७१ साली या गावात सरासरी धारणा ४० एकर होती. मान गेले तेव्हा ती ७ एकरांवर आली होती. रसायनशास्त्राचा माणूस मातीचा नमुना ठेवून लोकांच्या उंबऱ्यात बसला, तेव्हा आपल्याकडे खेड्याच्या सामाजिक अभ्यासाला खरी सुरुवात झाली. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेत हेच काम शिस्तीनं वाढवलं. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे लोकांच्या जगण्यात काय फरक पडला, याचा त्यांचा अहवाल १९४८चा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना त्यानंतर उभा राहिला आणि त्यातही गाडगीळ होते. पाहणी करणारा माणूस पाहणीनंतर गावात थांबला, असं फार थोड्या वेळा झालंय.

सहकारी कारखाना माळेगावातही आला आणि त्याच्या मागोमाग कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवूड. डाव्या कालव्यावरच्या गावातल्या जमिनीच्या नोंदी त्यांनी १९२० ते १९७० अशा पन्नास वर्षांच्या लावून पाहिल्या. मोठा आणखी मोठा होतो आणि छोटा भूमिहीन होतो, असा तेव्हा सगळीकडे समज होता. इथला हिशेब त्यात बसला नाही. बरेच लहान खातेदार वर आले होते, काही मोठे खाली घसरले होते. ‘रेझिंग केन’ हे त्यांचं पुस्तक १९९२चं.

तोवर प्रश्न घरातून शरीरात शिरायच्या बेतात होता. १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बाळ जन्मलं की वजन घ्यायचं, आणि मग खांद्याच्या फऱ्याखाली पाठीची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजायची. इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली बाळं सरासरी साडेतीन किलोंची, आपली २.७ किलोंची. हाडंमांस कमी, पण चिमटीतली चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. अंगानं लुकडं बाळ आतून चरबी राखून होतं आणि पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची वाट तिथूनच निघत होती. त्याच मुलांना मोठेपणी ब-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीत फरक पडतो का, तेही मग तपासलं गेलं. एका पिढीनं दिलेलं उत्तर दुसऱ्या पिढीच्या कामी यावं, असा हा अभ्यास आहे, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

मनापर्यंत पोचायला आणखी वेळ लागला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कशातच मन लागत नाही असं झालं का, असे नऊ प्रश्न विचारून नैराश्य मोजलं गेलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून घरोघर बोलणं करवून घेतल्यानं हे झालं.

पण माळेगावच्या शिवारात गळीत हंगामाचे पाच महिने जी माणसं राहतात, ती या सगळ्या पाहण्यांत कुठं आहेत? ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, म्हणून खाडा झाला की दंड बसतो. अशा ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली. १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. ही मोजणी त्यांच्या गावी झाली. पाळीच्या दिवसांत मोळी उचलताना काय होतं, कोपीत पाणी किती लांबून आणावं लागतं, रात्री गाडी भरून परत आल्यावर झोप किती मिळते, हे त्यांच्या गावी बसून कळणार नाही. ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये, इथल्या फडात, मुकादम जवळ नसताना बाईनं बाईला विचारलं तरच कळेल. संमतीही तिची एकटीची घ्यायला हवी आणि निष्कर्ष तिच्या टोळीला पुढच्या हंगामाची उचल ठरायच्या आधी सांगायला हवेत.