गुलदार (युद्धनौका)
भारतीय नौदलाची पोलिश बनावटीची रणगाडावाहू नौका. ग्दिनियाच्या गोदीत बांधलेली ही नौका डिसेंबर १९८५ मध्ये नौदलात दाखल झाली. कम्युनिस्ट राजवटीत पोलंडच्या गोद्यांनी वॉर्सा कराराच्या फौजांना बाल्टिक किनाऱ्यावर उतरवण्यासाठी या नौकेचा ‘पोलनॉचनी’ नमुना घडवला. समुद्रातून किनाऱ्यावर उतरणारी ग्दान्स्कची ७वी पोलिश डिव्हिजन अशाच नौकांवर विसंबून होती. नाळ थेट वाळूत रुतवायची, पुढचा दरवाजा उघडायचा आणि रणगाडे बाहेर काढायचे, एवढीच युक्ती. म्हणून तळ सपाट. खवळलेल्या समुद्रात मात्र तो खलाशांची परीक्षाच पाहतो. लांबी सु. ८४ मी.; शस्त्रे ३० मिमी. तोफा व रॉकेट-क्षेपक. भारतीय प्रकारात हेलिकॉप्टरसाठी मंचही होता. चीता व कुंभीर या भगिनी-नौकांसह ती १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे निवृत्त झाली. पुढे सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ पाण्याखालील संग्रहालय उभारण्यासाठी २०२५ मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली.